नागोठण्याचा पूल आणि चौलची गलबते

पेण म्हटले की महाराष्ट्राला गणपती आठवतात. रोहे म्हटले की कुणाला चिंतामणराव देशमुख आठवतात, कुणाला पांडुरंगशास्त्री आठवले, तर दसऱ्याला तिथे असलेल्यांना धावीर महाराजांची पालखी आणि तिला दिली जाणारी पोलिसांची सलामी. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या चाकरमान्याला या दोन गावांच्या मध्ये नागोठणे लागते. इथे अंबा नदीवर एक जुना, अरुंद, दगडी कमानींचा पूल आहे. एस.टी.च्या खिडकीतून तो सहसा नजरेत भरत नाही. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र त्याची नोंद आहे. १५८०च्या सुमारास चौलच्या काजी अलाउद्दीन नावाच्या गृहस्थाने तो बांधला, असे ते सांगते. मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा होता.

पूल बांधणारा काजी चौलचा का, हा प्रश्न सहज मनात येतो. दौलताबादचा का नाही, विजापूरचा का नाही? या एका प्रश्नाच्या मागे गेले तर इस्लाम कोकणात कसा आला आणि त्याने इथे काय काय ठेवले, याचा बराचसा उलगडा होतो.

आपल्या शाळेच्या इतिहासात इस्लाम येतो तो घोड्यावर बसून. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि तिथून पुढचा सगळा इतिहास. देशावर ही हकीकत खरीच आहे. त्या स्वाऱ्यांत देवळे फुटली, गावे लुटली गेली, हेही खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात कुणाचेच भले नाही. पण कोकणात इस्लाम घोड्यावरून आला नाही. तो गलबतातून आला, आणि खिलजीच्या कितीतरी आधी आला.

कुंडलिका नदी रोह्यावरून पश्चिमेला जाते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. मुखाच्या एका अंगाला चौल-रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर. हे चौल म्हणजे शिलाहारांच्या लेखांतले चेमुल्य आणि अरबांचे सैमूर. अल-मसूदी हा बगदादचा नामांकित प्रवासी इसवी सन ९१६च्या सुमारास इथे आला होता. त्या वेळी झंझ नावाचा शिलाहार राजा राज्य करीत होता. मसूदी लिहितो की, सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत. इथे जन्मलेल्यांसाठी त्याने ‘बयासिरा’ असा वेगळा शब्द दिला आहे. त्यांचे तंटे त्यांच्याच रीतीने सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक मुखिया नेमलेला होता. दहा हजारांचा आकडा थोडा सढळ हाताने लिहिला असेल असे मानले, तरी वस्ती मोठी होती हे उघड आहे. देवगिरीवरच्या स्वारीला तेव्हा अजून ३८० वर्षे अवकाश होता.

हे लोक इथे का राहिले, याचे उत्तर वाऱ्यात आहे. अरबी समुद्रातली शिडाची जहाजे वाऱ्याच्या मर्जीने चालत. पावसाळ्याचा जोर ओसरताना नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबस्तानातून इकडे यायचे आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की परत फिरायचे. मधल्या काळात माल विकायचा, नवा भरायचा, गलबते डागडुजीला काढायची. ज्याचा सौदा लांबला त्याचा मुक्काम वर्षभर लांबला. मुक्काम लांबला की घर आले, घर आले की लग्न आले, आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा आईची झाली. कोकणी मुसलमान घरात बोली बोलतो, तांदळाची भाकरी आणि नारळाचे कालवण खातो आणि नमाज अरबीत पढतो, त्याचे मूळ या वाऱ्यात आहे. आपण ज्याला मान्सून म्हणतो तो शब्दही अरबी ‘मौसिम’ याचाच, पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडून फिरून आलेला अवतार.

आणखी एक खूण आहे, ती बाहेरच्याला सहसा कळत नाही. उत्तर हिंदुस्थानातले आणि देशावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे. हा पंथ मध्य आशियातून तुर्क आणि पठाणांबरोबर आला. कोकणी मुसलमान मात्र शाफई. इमाम शाफई इसवी सन ८२० मध्ये वारले. त्यांचा पंथ येमेनमध्ये, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मलबारात आणि थेट इंडोनेशियात पसरला. नकाशावर बोट फिरवले तर ही सगळी समुद्रकाठची गावे निघतात. फरक कधी नमाजातल्या हात बांधण्यात दिसतो, कधी ताटात. हनफी पंडितांत कोळंबी चालते की नाही यावर वाद आहे आणि शिंपल्यांना तर मनाईच. शाफई पंथात समुद्रातले बहुतेक सगळे चालते. खाडीकाठच्या माणसाला तिसऱ्या आणि कालवे सोडायला लावणारा पंथ कोकणात रुजला असता की नाही, शंकाच आहे!

त्याच सुमाराचा एक ताम्रपट डहाणूजवळ चिंचणीला सापडला आहे, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने संजाणच्या मंडळावर एक ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी नेमला होता. त्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असे कोरले आहे. अभ्यासकांनी ओळखले की हा मधुमती म्हणजे महंमद. या मधुमतीने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठाला दिलेल्या जमिनीला त्याची संमती होती. अरबस्तानच्या वाळवंटात जन्मलेल्या एका माणसाचे नाव तीनशे वर्षांत उत्तर कोकणच्या संस्कृत लेखात येते, आणि तेही असा मराठी कानाला गोड वाटणारा वेष घेऊन!

त्या माणसाविषयी थोडे. महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इसवी सन ५७०च्या सुमारास झाला. वडील जन्माआधीच गेलेले, आई सहाव्या वर्षी गेली. आजोबांनी आणि नंतर चुलत्यांनी वाढवले. खदीजा या व्यापारी विधवेचा माल घेऊन तांड्याबरोबर जाणारा हा तरुण पुढे तिचाच पती झाला. चाळिशीत, इसवी सन ६१०च्या सुमारास, हिरा डोंगराच्या गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला. मक्केच्या धनिकांनी छळ मांडल्यावर ६२२ मध्ये ते मदिनेला गेले. हिजरी सन तिथून मोजतात. ६३० मध्ये मक्का हाती आली आणि ६३२ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांत, खलिफा उमरच्या काळात, बहारीन-ओमानच्या सुभेदाराने काही जहाजे ठाण्याच्या किनाऱ्यावर पाठवली होती. आपली माणसे समुद्राच्या हवाली केली म्हणून उमरने त्याला खरमरीत पत्र धाडले, असे अरब इतिहासकार बलाझुरी सांगतो. वाळवंटातल्या खलिफाला समुद्राचा धाक वाटत होता, तेव्हा त्याच्या व्यापाऱ्यांना ठाण्याची वाट पाठ होती.

मायकेल हार्ट या अमेरिकन लेखकाने १९७८ साली जगावर सर्वांत जास्त प्रभाव पाडणाऱ्या शंभर माणसांची यादी छापली आणि पहिला क्रमांक महंमद पैगंबरांना दिला. धर्म आणि राज्य या दोन्ही क्षेत्रांत एकाच माणसाने एवढे यश मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही, असा त्याचा मुद्दा. अशा क्रमवाऱ्यांना फारसा अर्थ नसतो. प्रभाव मोजायचा तर तो यादीत मोजण्यापेक्षा एखाद्या तालुक्यात मोजावा. तिथे तो नेमका कुठे मुरला आणि कुठे नुसताच वरून वाहून गेला, हे दिसते.

उदाहरणार्थ, बिलाल. बिलाल हा हबशी गुलाम. त्याला मुक्त केल्यावर पैगंबरांनी नमाजाची बांग द्यायला त्यालाच उभे केले; इस्लामचा पहिला मुअज्जिन काळ्या कातडीचा, कालपर्यंत गुलाम असलेला माणूस होता. आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. रोह्याच्या नैर्ऋत्येला मुरूड, आणि मुरूडसमोर जंजिरा. तिथले सिद्दी हबशीच. महाराजांना आणि त्यांच्यानंतर पेशव्यांना त्यांनी किती दमवले ते सांगायला नको. हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही हबशी, लहानपणी विकला गेलेला. तो १६२६ मध्ये वारला तेव्हा त्याने लावून दिलेल्या जमीनमहसुलाच्या पद्धतीला ‘मलिकंबरी’ म्हणून लोक ओळखत होते. गुलाम वजीर होऊ शकतो, हा त्या काळच्या जगात मोठाच मोकळेपणा होता. पण गुलामगिरी त्यामुळे संपली नाही, हेही तितकेच खरे. बिलालच्या नंतर हजार वर्षांनीही मुसलमान व्यापारी हबशी मुले विकतच होते. संस्थापकाचा दाखला एक आणि अनुयायांचा व्यवहार दुसरा, हा अनुभव सर्वच धर्मांचा आहे.

आता भाषा. पेणच्या किंवा रोह्याच्या तहसील कचेरीत एक सकाळ घालवावी. तालुका, जिल्हा, अर्ज, दाखला, वसूल, जमीन, हक्क, वकील, फिर्याद, कायदा, शाई, कागद! सातबाऱ्यासाठी ताटकळत उभा असलेला आगरी शेतकरी आपण अरबी-फार्सी बोलतो आहोत हे स्वप्नातही मानणार नाही. घरी आले तरी तेच. साबण अरबी, कंदील अरबी, हलवा अरबी, दुकान अरबी. जिलबीचे मूळही तिकडलेच. बंदरावर गेले तर बंदर फार्सी, किनारा फार्सी, खलाशी अरबी, आणि आपला नाखवा म्हणजे फार्सी ‘नाखुदा’, गलबताचा धनी.

इथे एक भेद करायला हवा. यातले बहुतेक शब्द धर्माने आणले नाहीत. दरबाराने आणि बाजाराने आणले. पैगंबर फार्सी बोलत नव्हते. पण त्यांच्या धर्माने अरबीला जे स्थान दिले त्यामुळे इराणची भाषा अरबी शब्दांनी भरली, ती फार्सी दिल्लीची आणि दक्षिणेतल्या सुलतानांची दरबारी भाषा झाली, आणि ती दरबारातून कुळकर्ण्याच्या बोरूपर्यंत पोचली. एवढ्या लांबच्या वळणाने का होईना, मक्केची भाषा कोकणातल्या पाटलाच्या तोंडी आली.

याचा सर्वांत गंमतीदार पुरावा म्हणजे शुहूर सन. मोडी कागद वाचणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे. हिजरी सन चंद्राचा, ३५४ दिवसांचा. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून फिरत राहतात. शेतसारा तर पीक आल्यावरच घ्यायचा. मग चौदाव्या शतकाच्या मध्यावर दख्खनमध्ये हिजरीचेच आकडे घेऊन एक सौर सन सुरू झाला. तो मृग नक्षत्रावर बदले, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. आणि त्याचे आकडे लिहायचे ते अरबीत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष या गणतीत ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे एक हजार पंचाहत्तर. मृगाचा पाऊस आपला, पीक आपले, कारकून ब्राह्मण किंवा प्रभू, राज्य मराठ्यांचे, आणि साल हिजरीतून उचललेले! पेशवाईच्या अखेरपर्यंत ही पद्धत चालली.

महाराजांनी ही भाषा बदलण्याचा प्रयत्न केला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. जवळजवळ चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला. प्रयत्न मोठा होता आणि त्यामागचा स्वाभिमानही. पण लोक पेशवेच म्हणत राहिले, आणि ज्या राज्याने फार्सी शब्द काढायचे ठरवले त्याचा पुढचा शतकभराचा काळ आपण आजही ‘पेशवाई’ याच फार्सी नावाने ओळखतो. मनाने मात्र महाराज कोते नव्हते. केळशीच्या याकूतबाबांना त्यांनी दिलेला मान सर्वश्रुत आहे, आरमारावर दौलतखान होता, आणि लष्कराच्या हाती कुराणाची प्रत लागली तर तिचा मान राखावा हा त्यांचा हुकूम तर त्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या खाफीखानानेच नोंदवून ठेवला आहे.

शब्दांवरून आठवले, कोकणात एक कागद फार चालतो: हक्कसोडपत्र. ‘हक्क’ अरबी, ‘सोड’ मराठी. बाप गेला की भाऊ बहिणींना तालुक्याच्या गावी नेतात, सह्या घेतात, साडी-चोळी करतात, आणि जमीन भावांच्या नावावर होते. कुराणाच्या चौथ्या अध्यायात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सांगितला आहे. आज निम्मा म्हटले की आपल्याला अन्याय दिसतो, आणि तो आहेच; पण सातव्या शतकात मुलीला नेमून दिलेला वाटा असणे ही जगातल्या बहुतेक समाजांना न परवडलेली गोष्ट होती. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात मिळाला तो १९९४ साली, आणि देशभर २००५ मध्ये. मात्र कागदावरचा वाटा आणि प्रत्यक्ष हातात आलेली जमीन यांच्यामध्ये हक्कसोडपत्र उभे असते, आणि त्या बाबतीत खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, मोहल्ल्यातल्या आणि आळीतल्या बायकांची कहाणी फारशी वेगळी नाही.

तलाकची गोष्ट याहून कडवट. एका दमात तीनदा शब्द उच्चारून बायकोला घराबाहेर काढण्याच्या रीतीविरुद्ध पहिला मोर्चा काढला तो एका कोकणी मुसलमानानेच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. सातच बायका होत्या. लोक हसले, शिव्या दिल्या. दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि १९७७ मध्ये ऐन चव्वेचाळिशीत ते गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती रीत रद्द ठरवली २२ ऑगस्ट २०१७ रोजी. कायदा २०१९ मध्ये आला. न्यायालयातल्या युक्तिवादात एक मुद्दा सतत येत होता: एका दमातला तलाक कुराणात नाही. म्हणजे दलवाई धर्मग्रंथ बाजूला ठेवून माणुसकीच्या नावाने जे मागत होते, तेच पन्नास वर्षांनी खुद्द धर्मग्रंथाच्या आधारानेही मागितले गेले. संस्थापकाचा वारसा कुणाचा, मौलवींचा की त्या सात बायकांचा, हा वाद अजून संपलेला नाही.

रायगड जिल्ह्याला या सगळ्याचा एक वेगळा सलही आहे. १९९३च्या सुरुवातीला श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत फुटली. हजार वर्षे ज्या वाटेने खजूर, घोडे आणि अत्तरे आली, त्याच वाटेने ती आली. त्यानंतर काही वर्षे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोहल्ल्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहत. ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी ती नजर सोसली. त्याच्या बारा वर्षे आधी, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचे नाव ‘रायगड’ झाले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले. महाराजांच्या गडाचे नाव जिल्ह्याला दिले ते कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्करपणे विसरतात.

मराठी मनाने पैगंबरांकडे कसे पाहिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. महात्मा फुल्यांनी त्यांच्यावर काव्य रचले. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश दिला. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून पैगंबरांचे चरित्र मराठी घरांत नेले. याच साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतली होती. आणि विनोबा तर पेणचेच. तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला आणि वयाची पहिली नऊ-दहा वर्षे त्यांनी तिथेच काढली.

विनोबांचे कुराणाशी नाते वरवरचे नव्हते. भाषांतर वाचून त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून ते अरबी शिकले आणि मूळ ग्रंथ वाचू लागले. उच्चार इतके घासले की ऐकणारे मौलवी चकित होत. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, दिल्लीजवळच्या मेवातमध्ये उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवण्याचे काम त्यांनी केले. कुराणातल्या आयती निवडून, विषयवार लावून त्यांनी ‘कुरान-सार’ तयार केले. पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ही याच पद्धतीने केले. गागोद्याच्या ब्राह्मणाने कुराणाची निवड करावी, हे काहींना रुचले नाही. पुस्तक बाहेर पडायच्या आधीच, ते न पाहता, कराचीच्या एका वृत्तपत्राने त्यावर झोड उठवली. इकडच्या कर्मठांना ते अर्थातच आधीपासून खुपत होते. सप्टेंबर १९६२ मध्ये, तो गदारोळ ताजा असतानाच, विनोबा पायी पूर्व पाकिस्तानात शिरले. वाटेवरच्या गावांत प्रार्थना झाल्या, तिथेही त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि तिथल्या लोकांनी ती दिली.